दुसरा माणूस

डोकं दुखायला लागलं की मला आधी आबांचा राग येतो आणि मग गोळी आठवते. या क्रमात इतक्या वर्षांत बदल झालेला नाही.

आबा म्हणजे माझे धुळ्याचे घरमालक. देवपुरात त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी चार वर्षं भाड्याने राहिले. जामनेरहून बी.एड. करून नुकतीच आले होते, जवळच्याच मुलींच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवत होते. एका वर्गात साठ मुली, वर पत्रा, आणि मार्चपासून जूनपर्यंत खानदेशातलं ऊन. डोकं दुखायला आणखी कारण लागत नाही. पण त्या घरात माणसाला सुखाने एकट्याने डोकं दुखवून घ्यायचीसुद्धा सोय नव्हती.

आबांनी वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं भांडारात नोकरी केली होती. निवृत्त होऊन ते धुळ्याला परत आले, पण येताना भांडार बरोबर घेऊन आले. घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी. माठावर ‘पिण्याचे’, शेजारच्या बादलीवर ‘पिण्याचे नव्हे’. मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ एवढं लिहून भागलं असतं, पण नाही. ‘मीठ, साखर नव्हे’. रॉकेलच्या डब्यावर तर तिन्ही बाजूंनी मजकूर होता. गंमत अशी, की आबांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, वाचता येत नव्हतं. घरातलं सगळं काम अक्का करत, त्यामुळे या सगळ्या चिठ्ठ्या आबांनी केवळ स्वतःसाठी लावल्या होत्या, आणि स्वतः तर ते माठापलीकडे कशाला हात लावत नसत. हे मी त्यांना एकदा सांगूनही पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीतल्या पंख्याच्या बटणाखाली ‘पंखा’ अशी चिठ्ठी लावली.

चिठ्ठ्या परवडल्या. खरा ताप होता तो ‘दोन माणसांचा’. आबा सांगायचे, भांडारात पेटी कधीही एकट्याने उघडायची नाही. एकाने पेटीवरचं वाचायचं, दुसऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचं, दोघांचं जुळलं तरच झाकणाला हात लावायचा. हा नियम त्यांनी घरी आणून औषधाच्या डब्याला लावला होता. डबा त्यांच्या खाटेच्या वरच्या फळीवर. माझी औषधंही त्यातच ठेवायची, ही अट भाडं ठरवतानाच घातलेली. मी तेव्हा हसून हो म्हटलं होतं. माणूस खोली बघताना कशालाही हो म्हणतो.

पहिल्यांदा डोकं दुखलं तेव्हा मी शाळेतून येऊन सरळ म्हणाले, “आबा, एक डोकेदुखीची गोळी द्या.”

“बसा,” आबा म्हणाले. “जेवलात का?”

“सकाळी डबा खाल्ला.”

“म्हणजे पोट रिकामं. अक्का, बाईंना भाकर दे. बाई, याच्या आधीची गोळी कधी घेतली होती?”

“आठवत नाही.”

“आठवा.”

“आबा, परवा घेतली असेल. डोकं फुटतंय माझं.”

“असेल नको. घेतली की नाही? सर्दीखोकल्याचं दुसरं काही चालू आहे का?”

एवढं झाल्यावर डबा खाली येई. आबा गोळ्यांची पट्टी उजेडात धरत. इंग्रजी त्यांना फारसं येत नसे. पेट्यांवरची अक्षरं बघून बघून ते शिकलेले, त्यामुळे शब्द न वाचता एकेक अक्षर वाचत. “पी.” मी म्हणायचं, “पी.” “ए.” “ए.” “आर.” असं करत पॅरासिटामॉल पूर्ण व्हायला कपाळावरची शीर तडतड उडू लागे. पुढे तारीख. पुढे किती मिलिग्रॅम. मग कात्रीने गोळी कापायची, तीही नाव आणि तारीख छापलेल्या टोकाच्या उलट्या बाजूने, म्हणजे शेवटची गोळी संपेपर्यंत नाव पट्टीवर राहतं. वरून तांब्याभर पाणी, आबांच्या देखत. तोवर डोकं एक तर दुप्पट दुखायला लागलेलं असे किंवा कंटाळून थांबलेलं असे.

“आबा,” मी एकदा चिडून म्हणाले, “डोकं माझं आहे ना?”

“डोकं तुमचं, छत माझं,” आबा म्हणाले. आणि पुन्हा “पी” पासून सुरुवात केली, कारण मी मध्येच बोलले होते.

त्यांची वाक्यं ठरलेली होती आणि ती दिवसातून चारदा तरी कानावर पडत. ‘मला माहीत आहे म्हणणारा माणूसच बोटं घालवतो,’ हे म्हणताना ते स्वतःची दहाही बोटं पसरून दाखवत. ‘एकट्या माणसाला तेच दिसतं, जे त्याला बघायचं असतं.’ आणि सगळ्यांत आवडतं, ‘मोठं नाव बाजाराचं, बारकं नाव औषधाचं. बारकं वाचा.’ कॉलनीतलं कोणी डोकं धरून बसलेलं दिसलं की आबा ओट्यावरूनच ओरडत, “बारकं वाचलं का?” शेजारचे भाऊ आपल्या तापलेल्या मुलीला मोठ्यांची अर्धी गोळी मागायला आले, तर आबांनी गोळी दिली नाहीच, उलट चप्पल घालून त्यांना डॉक्टरकडे पोचवून आले. भाऊ पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. मला भाऊंचा हेवा वाटे.

एका पावसाळ्यात मला सर्दी झाली. शाळेतल्या एका बाईंनी सर्दीची गोळी दिली, ती मी सकाळी उठल्याबरोबर गुपचूप घेतली. मग डोकं ठणकत होतं म्हणून आबांसमोर जाऊन बसले. “दुसरं काही चालू आहे का?” आबांनी विचारलं. मी “नाही” म्हटलं. खरं सांगितलं असतं तर पहिला तास बुडाला असता. डोक्याची गोळी घेतली आणि शाळेत गेले.

दुसऱ्या तासाला आठवी ब मध्ये शिकवत होते. एकदम मुली खिडकीकडे बघायला लागल्या. खिडकीबाहेर मैदानात आबा उभे, सायकलला टेकून, दोन्ही हातांत दोन कागद फडकवत.

“बाई! दोन्हीत एकच औषध शे!”

ते भडकले किंवा घाबरले की प्रमाण मराठी सुटून अहिराणी येई. मी हाताने जा म्हणून खुणावलं. आबांना वाटलं ऐकू आलं नाही. ते आणखी जवळ आले.

“तुमच्या कचऱ्याच्या डब्यात सर्दीच्या गोळीचा कागद सापडला! बारकं नाव तेच शे! आज आते तिसरी नको! तिसरी नको, बाई!”

साठ मुली हसत होत्या, शेजारच्या वर्गातल्याही खिडकीत आल्या होत्या. त्यानंतर वर्षभर मी कॉरिडॉरमधून गेले की मागून कोणीतरी बारीक आवाजात “तिसरी नको” म्हणे. माझा कचरा उपसून माझ्या वर्गापर्यंत आणणारा घरमालक जगात दुसरा कुणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवसापासून मी आबांच्या डब्याला रामराम ठोकला. कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. तिथे काचेच्या बरणीत गोळ्या असत, कात्रीने एकेक सुटी कापलेल्या. “डोक्याची द्या” म्हटलं की दुकानदार बरणीत हात घालून देई. ना प्रश्न, ना भाकर, ना पी, ना ए. मला स्वातंत्र्य मिळाल्यासारखं वाटलं. घरात पुरावा सापडू नये म्हणून मी वाटेतच गोळ्या वेष्टनाच्या चांदीतून काढून कागदाच्या पुडीत बांधायची आणि चांदी नाल्यात टाकायची.

हे अक्कांच्या लक्षात आलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. एक दिवस पाणी भरताना त्या हळूच म्हणाल्या, “मले बी आनी देत जा व माय. डोकं लई दुखस.”

“आबांच्या डब्यात आहेत ना?”

“त्यासनी शाळा भरस,” अक्का म्हणाल्या. “या वयमा मी रोज पी-ए, पी-ए करू का? गुडघानी गोयी देतस, तठे बी तेच. त्यासले सांगू नको.”

अक्कांचे गुडघे धरत. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी आबा त्यांना दोन्ही वेळा जेवण झाल्यावर देत; आबा वाचत आणि अक्का शाळेतल्या मुलीसारख्या हात गुडघ्यावर ठेवून परत म्हणत. मला ते बघवत नसे. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला अक्कांचा कळवळा जितका आला, त्याहून जास्त आबांवर मात केल्याचा आनंद झाला. चिडलेल्या माणसाला चांगुलपणाचं निमित्त मिळालं की तो फार वाईट वागतो.

आठवड्याला चार गोळ्यांपासून सुरुवात झाली. अक्का त्या कनवटीला लावून ठेवत आणि सकाळी काळ्या चहाबरोबर घेत. दोन महिन्यांत रोजची एक झाली, मग दोन. “आते रोजच दुखस,” अक्का म्हणायच्या, आणि मी पुडी मोठी बांधायची. गोळ्या रोज घेतल्यानेच डोकं रोज दुखायला लागतं, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. उपासाच्या दिवशी अक्का गुडघ्याची गोळी जेवणानंतरची म्हणून चंद्रोदयापर्यंत घेत नसत, पण डोक्याची घेत. “गोयी काय फराय शे का? तिनाकन उपास मोडत नई,” त्या म्हणत. मलाही ते पटलं होतं.

संकष्टी होती. मी दुपारी शाळेतून आले तर मागच्या पायरीवर अक्का भिंतीला टेकून बसलेल्या, घामाने गार पडलेल्या, आणि पुढ्यात काळपट तपकिरी उलटी. आबा त्यांचं डोकं धरून बसले होते. मला बघून ते म्हणाले, “बाई, रिक्षा.”

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कोणती औषधं चालू आहेत?”

आबांनी गुडघ्याच्या गोळीचं बारकं नाव अक्षर अक्षर सांगितलं. किती मिलिग्रॅम, किती वाजता, काल रात्रीची जेवणानंतर, आज उपास म्हणून नाही.

“याशिवाय?”

“याशिवाय काही नाही,” आबा म्हणाले. “माझ्या घरात माझ्या नजरेआड कुणी काही घेत नाही, डॉक्टर.”

आवाजात थोडा अभिमान होता. 

“आणखी एक होती,” मी म्हणाले. “डोक्याची. रोज दोन. आज कदाचित तीन. मी आणून देत होते.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, “कोणती? नाव सांगा, लवकर.”

मला नाव माहीत नव्हतं. मी इंग्रजीची शिक्षिका. आठवीच्या मुलींची स्पेलिंगं चुकली की दहा वेळा लिहून घेणारी. तीन महिने गोळ्या विकत आणल्या आणि एकदाही त्यावर काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं. वाचून चांदी फेकली असती तरी चाललं असतं, पण मी नुसती फेकली होती.

दवाखान्यापासून दुकानापर्यंत मी धावत गेले. बरणीतल्या सुट्या तुकड्यांवर कुठे दोन अक्षरं, कुठे अर्धी तारीख. “बाई, डोक्याची म्हणून मागितली, डोक्याची दिली,” दुकानदार म्हणत राहिला. शेवटी मी गल्ल्यापलीकडे शिरले आणि मागच्या फळीवरून त्या गोळ्यांचा खोका स्वतः काढला. त्यावर एक मोठं, झोकदार नाव होतं. त्याखाली बारीक अक्षरांत दुसरं.

डॉक्टरांनी खोका बघितला आणि लगेच आत गेले. नंतर त्यांनी सांगितलं ते साधं होतं. गुडघ्याची गोळी पोटाला लागणारी, ही तशीच. रोज दोन्ही, वर रिकाम्या पोटी काळा चहा. पोटात जखम होऊन रक्त सुटलं होतं.

अक्कांना रक्त चढत होतं. आबा बाहेरच्या बाकावर बसले होते. मी खोका हातात घेऊन समोर उभी राहिले. माफी कशी मागायची ते कळत नव्हतं.

“वाचा,” आबा म्हणाले.

“आबा...”

“वाचा, बाई.”

“ए,” मी वाचलं. आबांनी तोंड उघडलं, पण अक्षर बाहेर आलं नाही. मी थांबले. मग त्यांच्या वाटचंही मीच म्हटलं, “ए.” पुढे “एस” वाचलं, आणि तेही दोनदा म्हटलं.

आबांनी हात वर केला. “तसं करू नका,” ते म्हणाले. “एकाच माणसाने दोनदा म्हटलं तर ते एकदाच असतं.” त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. “पहिल्यापासून घ्या.”

मी पहिल्यापासून घेतलं. ए, एस, पी, आय, आर, आय, एन. सात अक्षरं, आबांनी सातही परत म्हटली.

अक्का वाचल्या. पंधरा दिवसांनी घरी आल्या. मी मधल्या काळात ट्रंक भरून ठेवली होती, कारण आबा मला घराबाहेर काढणार यात मला शंका नव्हती; मी त्यांच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी काढलं असतं. अक्का आल्या त्या दिवशी संध्याकाळी बघते तर माझ्या दारावर चिठ्ठी. वळणदार अक्षरात लिहिलेली: ‘दुसरा माणूस’.

“हे काय, आबा?”

“तुमची नेमणूक,” आबा म्हणाले. “मी वाचायचो आणि ती म्हणायची, त्यात चूक होती. न वाचता येणाऱ्या माणसाने नुसतं म्हटलं तर तो दुसरा माणूस होत नाही, तो पोपट होतो. आता ती वाचणार. तुम्ही म्हणणार. सकाळी सात आणि संध्याकाळी सात.”

“आबा, माझी शाळा सातला भरते.”

“मग साडेसहा.”

त्या शिक्षेतून मी पुढची दोन वर्षं सुटले नाही. गुडघ्याची गोळी बंद होऊन मलम आलं होतं, पोटाची एक गोळी चालू होती, आणि डोकं दुखलंच तर फक्त पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी ठरवून दिली तेवढीच. आठवड्यात दोन दिवसांहून जास्त लागली तर गोळी नाही, दवाखाना. हे सगळं आबांनी भिंतीवर लिहून काढलं. डोकं दुखो न दुखो, सराव म्हणून पट्टी रोज वाचायची. पहाटे चुलीचा धूर, अक्का पट्टी डोळ्यांशी धरून बसलेल्या, मी एका हातात वेणी धरून उभी. अक्कांना पॅरासिटामॉलमधली वेगवेगळी नऊच अक्षरं शिकायची होती, पण त्यांनी त्याला पाच महिने घेतले. ‘पी’ला त्या ‘पोटुशी’ म्हणत, ‘ए’ला ‘शिडी’. “पह्यले पोटुशी पाहिजे,” त्या म्हणत, “शिडी पह्यले उनी का फेकी देवानी.” म्हणजे ‘ए’ आधी आला की ती गोळी फेकून द्यायची. आबा लगेच दुरुस्त करत, “पहिलं अक्षर बघून थांबायचं नाही. शेवटपर्यंत वाचायचं, आणि खाली दुसरं नाव आहे का तेही बघायचं.” मी किती वेळा उशिरा शाळेत पोचले असेन, त्याची नोंद माझ्या सेवापुस्तकात आहे. दिवाळीच्या सुटीत जामनेरला जायचं तर आबा माझ्याकडून रजेचा अर्ज लिहून घेत.

मला जळगावच्या शाळेत नोकरी मिळाली तेव्हा निघताना सामानाचा टेम्पो दारात दीड तास उभा राहिला. नवे भाडेकरू कॉलेजात शिकवणारे गृहस्थ होते. “चार्ज दिल्याशिवाय जाता येत नाही,” आबा म्हणाले. त्या गृहस्थांना खाटेवर बसवलं, अक्कांनी वाचलं, त्यांनी परत म्हटलं, मी ऐकून बरोबर असल्याची सही केली. टेम्पोवाला शिव्या घालत होता. मीही मनातल्या मनात तेच करत होते. आबांनी दारावरची चिठ्ठी काढून नव्या भाडेकरूंच्या हाती दिली आणि मला म्हणाले, “जा आता. बारकं वाचत जा.” एवढाच निरोप.

जळगावला मला तिसरं वर्ष चालू होतं. एकदा मधल्या सुटीत मुख्याध्यापकांच्या खोलीतून बोलावणं आलं, धुळ्याहून फोन आहे म्हणून. मी धावत गेले.

“पोरी, मी बोलस,” पलीकडून अक्का ओरडत होत्या. एसटीडी बूथमधून असणार, मागे रस्त्याचा आवाज येत होता. “डोकं दुखस मन्हं. आयक. मी वाचस, तू म्हन.”

“अक्का, कशा आहात? आबा कुठे आहेत?”

“आधी वाची लेऊ दे,” अक्का म्हणाल्या. “पी.”

मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. मला आबांचा संताप आला. बायकोला भर उन्हात बूथवर पाठवायचं, त्या नियमापायी!

“अक्का, आबांना म्हणायला सांगा ना. नाहीतर त्या भाडेकरूंना.”

“त्या सर मे महिनामाच खोली सोडी ग्यात,” अक्का म्हणाल्या.  “आनि तुना आबाले आज तेरावा दिन शे, माय. घरमा सर्वास्नी मले गोयी दिधी, एकबी जन बारकं वाचत नई. दुसरा मानूस कोठेन आनू?”

मी मुख्याध्यापकांकडे पाठ केली. बूथवाला मागून “आटपा, आटपा” म्हणत होता.

“पी,” अक्का पुन्हा म्हणाल्या.

“पी,” मी म्हटलं.

“ए.”

“ए.”

अक्कांनी अकराही अक्षरं वाचली, तारीख वाचली, खाली दुसरं नाव नसल्याचं सांगितलं. मी विचारलं, “जेवलात का?” त्या म्हणाल्या, “हो.” मग मी म्हटलं, “बरोबर आहे, अक्का. घ्या.”